अभिवादन आणि कात्री

मेलेल्या माणसाचे स्मरण कोण करतो आणि कसे करतो, यावरून समाजाची ओळख पटते. हा विचार आपल्याला नवा नाही. चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबर या दोन तारखांभोवती ज्यांचे सारे वर्ष फिरते, त्यांना स्मरणाचे राजकारण वेगळे शिकवावे लागत नाही. परंतु स्मरणाचा सोहळा पार पडल्यावर त्याचे पुढे काय होते, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. सोहळा एका दिवसाचा असतो. त्याची चित्रफीत मात्र वर्षानुवर्षे घराघरांत वाजत राहते. पुढच्या पिढीच्या वाट्याला सोहळा येत नाही, फीत येते. म्हणून फितीत काय राहिले आणि काय कापले गेले हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. तो सांस्कृतिक प्रश्न आहे आणि अंती सत्तेचा प्रश्न आहे.

या प्रश्नाची चर्चा करण्यासाठी मी येथे एक वरवर दूरचे वाटणारे उदाहरण घेतो. २० एप्रिल १९९२ रोजी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर फ्रेडी मर्क्युरी या गायकाच्या स्मरणार्थ एक मोठा संगीतसोहळा झाला. पुढील एकवीस वर्षांत घरी बसून पाहण्यासाठी त्याच्या व्हिडिओ कॅसेट, डीव्हीडी आणि ब्लू-रे अशा आवृत्त्या निघाल्या. रॉक संगीत हा आपला विषय नव्हे, असे काही वाचकांना वाटेल. ते गोऱ्या, सुखवस्तू तरुणांचे संगीत आहे असाही आक्षेप येईल. वस्तुतः रॉकची मुळे अमेरिकेतील गुलामांच्या वंशजांनी घडविलेल्या ब्लूज संगीतात आहेत. काळ्यांचे गाणे गोऱ्यांच्या बाजारात कसे गेले हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. ज्या चळवळीने आपल्या एका संघटनेचे नाव ब्लॅक पँथरवरून घेतले, तिला हा विषय परका असण्याचे कारण नाही.

शिवाय ज्याच्यासाठी हा सोहळा झाला तो माणूस तर आपल्या शेजारचाच. फ्रेडी मर्क्युरीचे मूळ नाव फारोख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. कुटुंब गुजरातेतून गेलेले पारशी. वडील तेथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत खजिनदार. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास त्याला शिकण्यासाठी पंचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठविण्यात आले. कोल्हापूरहून साताऱ्यापुढे जाऊन वाईवरून पसरणीचा घाट चढला की पंचगणी लागते. घाटाच्या पायथ्याच्या पसरणीत १९२३ साली शाहीर साबळे जन्मले. घाटमाथ्यावरच्या वसतिगृहात, १९५८ च्या सुमारास, फारोखने शाळासोबत्यांबरोबर ‘हेक्टिक्स’ हा आपला पहिला वाद्यवृंद उभा केला. एकाच घाटाची ही दोन टोके. पण पायथ्याच्या मुलाने माथ्यावरच्या शाळेत पाऊल ठेवावे अशी सोय त्या व्यवस्थेत नव्हती, हेही नोंदविले पाहिजे. १९६४ च्या झांझिबारमधील क्रांतीनंतर बलसारा कुटुंब इंग्लंडला गेले. १९७० मध्ये ‘क्वीन’ हा वाद्यवृंद स्थापन झाला आणि फारोखचा फ्रेडी मर्क्युरी झाला.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपल्याला एड्स असल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी तो वारला. पाच महिन्यांनी वेम्ब्लीचा सोहळा झाला. क्वीनचे उरलेले तिघे, म्हणजे ब्रायन मे, रॉजर टेलर आणि जॉन डीकन, यांनी तो घडवून आणला. कोण कोण गाणार हे जाहीर होण्यापूर्वीच काही तासांत तिकिटे संपली. बहात्तर हजार माणसे प्रत्यक्ष हजर होती आणि सुमारे ७६ देशांत त्याचे प्रक्षेपण झाले. पूर्वार्धात निरनिराळ्या वाद्यवृंदांनी आपापली गाणी सादर केली. उत्तरार्धात क्वीनच्या तिघांबरोबर एकेक पाहुणा गायक येऊन फ्रेडीची गाणी म्हणत गेला. मिळालेल्या पैशातून मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट हा एड्सविरोधी कामाचा निधी उभा राहिला.

हा केवळ गाण्यांचा कार्यक्रम नव्हता. ‘एड्सविषयी जागृती’ हे शब्द त्याच्या नावातच होते. त्या काळी एड्स हा शब्द माणसाला समाजातून उठविण्यास पुरेसा होता. ब्रिटनमध्ये १९८८ पासून असा कायदा होता की, स्थानिक स्वराज्य संस्थांनी समलिंगी संबंधांना ‘उत्तेजन’ मिळेल असे काही करू नये. वृत्तपत्रे या रोगाकडे समलिंगी पुरुषांना मिळालेली शिक्षा म्हणून पाहत होती. अशा काळात बहात्तर हजारांसमोर त्या रोगाचे नाव घेऊन मृताचा सन्मान करणे ही एक सामाजिक कृती होती. अभिनेत्री एलिझाबेथ टेलर बोलण्यास उभी राहिली तेव्हा गर्दीतून काहींनी ‘पुरे’ असा ओरडा केला. मला सांगायचे आहे ते सांगून मी जाईन, अशा अर्थाचे उत्तर देऊन तिने भाषण पूर्ण केले. ज्यांनी जयंतीच्या व्यासपीठावरून गाण्याच्या मध्ये भाषण करण्याचा प्रयत्न केला आहे, त्या कार्यकर्त्यांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही.

सोहळा निर्दोष होता असे मला म्हणायचे नाही. समलिंगी आणि स्थलांतरित यांना शिव्या देणारे गाणे ज्यांच्या नावावर होते त्या ‘गन्स अँड रोझेस’ला निमंत्रण होते आणि एड्ससाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्याला विरोध केला होता. त्याच वाद्यवृंदाचा गायक अ‍ॅक्सल रोझ आणि एल्टन जॉन यांनी मग एक गाणे मिळून म्हटले. डेव्हिड बोवीने गुडघे टेकून ख्रिस्ती प्रार्थना म्हटली. त्याची भावना खरी होती. परंतु ज्याचा अंत्यविधी पारशी पुरोहितांनी केला त्या माणसाचे मूळ या प्रार्थनेत कोठे उरते? त्या गाण्यांतून तो फारोख बलसारा होता, झांझिबार आणि पंचगणी यांनी त्याला घडविले होते, हे कोणालाही कळणार नाही. जग त्याला स्वीकारत होते ते त्याने नाव बदलल्यानंतर. आडनाव बदलून शहरात खोली शोधणाऱ्या आपल्या माणसांना या स्वीकारातील मेख लगेच दिसेल.

आता आवृत्त्यांकडे वळू. सोहळ्यानंतर तो प्रथम व्हिडिओ कॅसेटच्या रूपाने विक्रीस आला. २००२ मध्ये दहाव्या वर्षानिमित्त डीव्हीडी निघाली. तिच्यात मुख्यतः उत्तरार्ध घेण्यात आला. पूर्वार्धातील वाद्यवृंदांची गाणी वगळली गेली. उत्तरार्धातूनही एक गाणे गेले. रॉबर्ट प्लांट या गायकाने म्हटलेले ‘इन्युएंडो’ त्याच्याच इच्छेवरून काढण्यात आले. २०१३ मध्ये ब्लू-रे आणि नवी डीव्हीडी आली. चित्र आणि ध्वनी स्वच्छ करण्यात आले आणि पूर्वार्धाचा बराच भाग परत आला. मे २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, निधी गोळा करण्यासाठी हा सोहळा यूट्यूबवर दोन दिवसांपुरता दाखविण्यात आला. एका साथीच्या स्मरणाचा उपयोग दुसऱ्या साथीसाठी झाला ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

या आवृत्त्यांचे परीक्षण करणारे रसिक सामान्यतः दोन गोष्टी तपासतात: चित्र-ध्वनीचा दर्जा आणि गाळलेली गाणी. दोन्ही तक्रारी रास्त आहेत. परंतु समीक्षेने आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. गाळलेल्या भागाबरोबर कोणता इतिहास गळाला?

एक उदाहरण देतो. पूर्वार्धात दक्षिण आफ्रिकेतील ‘मँगो ग्रूव्ह’ या वाद्यवृंदाचे गाणे उपग्रहाद्वारे जोहान्सबर्गहून आले होते. काळे आणि गोरे कलावंत एकत्र असलेला हा वाद्यवृंद. तारीख लक्षात घ्या. मार्च १९९२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्या मतदारांनी वर्णभेद संपविण्याच्या वाटाघाटींना कौल दिला होता आणि एप्रिलमध्ये हे गाणे वेम्ब्लीच्या पडद्यावर दिसले. त्यामागे क्वीनचा स्वतःचा एक इतिहास होता. वर्णभेदी राजवटीवर जगातील कलावंतांनी बहिष्कार घातलेला असताना क्वीनने ऑक्टोबर १९८४ मध्ये सन सिटी येथे कार्यक्रम केले होते. त्याबद्दल ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेने त्यांना दंड केला आणि संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत त्यांचे नाव गेले. म्हणजे १९९२ च्या प्रेक्षकाला त्या पडद्यावर फ्रेडीच्या चुकीची आणि बदलत्या काळाची, दोहोंची खूण दिसू शकत होती. २००२ च्या डीव्हीडीत पूर्वार्ध नाही, म्हणून ही खूणही नाही. कोणी मुद्दाम लपविले असा आरोप मी करीत नाही. क्वीनची गाणी विकली जातात, इतरांची कमी विकली जातात, इतरांच्या परवानग्या घ्याव्या लागतात. हिशेब एवढा साधा असू शकतो. परंतु बाजाराच्या साध्या हिशेबातूनच इतिहास पुसला जातो, त्यासाठी कटाची गरज लागत नाही.

दुसरे उदाहरण कात्रीचे नाही, कॅमेऱ्याच्या मर्यादेचे आहे. सोहळ्यातील सर्वांत गाजलेले गाणे जॉर्ज मायकेलचे. ‘समबडी टू लव्ह’ म्हणताना तो सारे स्टेडियम आपल्याबरोबर गायला लावतो. फ्रेडीची नक्कल तो करीत नाही. स्वर वर चढवितानाही त्याचे शब्द सुटे राहतात, आणि गर्दीला गाणे सोपवून तो क्षणभर थांबतो तेव्हा त्या थांबण्यात एक आर्जव असते. हे गाणे पुढे १९९३ मध्ये वेगळे प्रसिद्ध झाले आणि त्याचे उत्पन्न त्याच ट्रस्टला गेले. त्या वेळी मायकेलचा स्वतःचा जोडीदार त्याच रोगाच्या छायेत होता आणि ते तो कोणाजवळ बोलू शकत नव्हता, हे त्याने फार पुढे सांगितले. १९९८ पर्यंत तो स्वतःबद्दलही जाहीरपणे बोललेला नव्हता. म्हणजे एड्सविषयी मोकळेपणाने बोला असे सांगणाऱ्या व्यासपीठावरही एक माणूस आपले दुःख गाण्याच्या आड लपवून उभा होता. चित्रफितीत त्याचा चेहरा आहे, घाम आहे, आवाज आहे, गुपित नाही. ते कळल्यावर मात्र तीच फीत निराळी दिसू लागते. फितीला संदर्भाची जोड नसेल तर ती नुसते मनोरंजन उरते, हे यावरून दिसून येते.

त्याच वर्षी आपल्याकडे काय घडत होते? गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाच्या रक्तात एचआयव्ही आढळला म्हणून १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलिसांनी त्याला नेले. म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्याला ६४ दिवस एकट्याला कोंडून ठेवण्यात आले. रोग्याला असे वेगळे ठेवण्याची सक्ती करणारी तरतूद गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात होती. त्याची आई ल्युसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयात तिला आव्हान दिले. न्यायालयाने तरतूद वैध ठरविली. डॉमिनिकची नोकरी गेली. त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संघटना उभी केली आणि मे १९९२ मध्ये, म्हणजे वेम्ब्लीच्या सोहळ्यानंतर सव्वा महिन्याने, तो वारला. त्याच्यासाठी कोणते स्टेडियम भरले नाही. तेरा वर्षांनी, २००५ मध्ये, त्याच्या आयुष्यावर बेतलेला मानला जाणारा ‘माय ब्रदर... निखिल’ हा चित्रपट आला, पण नायकाचे नाव दुसरे होते.

शेजारच्या सांगलीत १९९२ मध्येच ‘संग्राम’ या संस्थेने वेश्यावस्तीत एड्सविरोधी काम सुरू केले आणि त्यातून १९९६ मध्ये स्त्रियांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. या वस्त्यांत येणाऱ्या स्त्रियांचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या मुली बहुतांशी अस्पृश्य जातींतील होत्या. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यातून देवदासी प्रथेने त्यांना मुंबई-पुण्याच्या बाजारात पोहोचविले. कर्नाटकाने १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये मुली सोडण्याविरुद्ध कायदे केले. रोग आला तेव्हा या स्त्रियांना रोगाचे कारण ठरविण्यात आले. त्यांना रोग कोणी दिला हे विचारले गेले नाही.

येथे एक फरक स्पष्ट केला पाहिजे. अस्पृश्यता जन्माने लादली जाते, तिला धर्मग्रंथांचा आधार दिला जातो आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालते. रोगाचा कलंक तसा नाही. दोहोंना एक म्हणणे म्हणजे जातिव्यवस्थेचे गांभीर्य कमी करणे होय. परंतु कलंकाने वापरलेली भाषा मात्र जातीकडून घेतलेली आहे. वेगळा पेला, वेगळे अंथरूण, प्रेताला हात लावण्यास नकार, मुलाला शाळेतून काढणे: ही सारी हत्यारे या समाजाकडे तयार होती. नवा रोग आला आणि जुनी हत्यारे बाहेर निघाली. एचआयव्हीग्रस्तांशी भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा आपल्याकडे २०१७ मध्ये झाला. म्हणूनच वेम्ब्लीच्या फितीकडे दलित वाचकाने पाहताना ‘गाणी छान आहेत’ एवढ्यावर थांबू नये. ज्याला स्पर्श नाकारला जात होता त्याचे नाव बहात्तर हजारांनी मोठ्याने घेतले, हा त्या रात्रीचा खरा आशय होता. आवृत्तीगणिक तो आशय मागे सरकला आणि गाणी पुढे आली.

हीच कसोटी आता आपल्या स्वतःच्या अभिवादनाला लावली पाहिजे. नाही तर ही समीक्षा म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणे ठरेल.

आंबेडकरी जलसा हा आपला स्मरणसोहळा नव्हता, तो आपला संघर्षाचा मंच होता. सत्यशोधक जलशाच्या परंपरेतून तो आला. तमाशाच्या गणातील गणपती आणि गवळणीतील कृष्ण यांना त्याने दूर सारले किंवा त्यांचा अर्थ पालटला, आणि बतावणीतून सावकार, भट, तलाठी यांना उघडे पाडले. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी गावोगाव रात्री जागविल्या. त्यात गाणे होते तसे संवाद होते, सवाल-जबाब होते, त्या त्या गावातल्या प्रसंगावर टोमणे होते. प्रेक्षक मध्येच बोलत होते. हा प्रकार रात्रभर चाले.

तो यंत्रात शिरला तेव्हा यंत्राचे माप त्याला लागले. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. तीवर पाच-सहा मिनिटांची चार-पाच गाणी बसतात, बतावणी बसत नाही. पुढे व्हीसीडी आली. तीवर साधारण सव्वा तासाचे चित्रण मावते. रात्रभराच्या कार्यक्रमातून सव्वा तास निवडायचा म्हटल्यावर कात्री आली, आणि कात्री हाती धरणाऱ्याची आवड-निवड आली.

कॅसेटचे उपकार मी नाकारीत नाही. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी कॅसेट आली. पदवीपर्यंत पोहोचलेला मी घरातला पहिलाच. पण बाबासाहेबांच्या आयुष्यातील महाड, नाशिक, पुणे करार, नागपूर हा क्रम आम्हां भावंडांना शाळेने शिकविण्यापूर्वी गाण्यांनी शिकविला होता. आकाशवाणीने आणि मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी ज्या आवाजांना दारात उभे केले नाही, ते आवाज १९८० नंतरच्या स्वस्त कॅसेटमुळे वस्तीवस्तीत पोहोचले. प्रल्हाद शिंदे आणि त्यांच्यामागून आनंद आणि मिलिंद शिंदे यांचा आवाज महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात गेला तो याच मार्गाने. सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे आणि पुढे व्हीसीडीचे ढीग मांडले जात. त्यांतून आपली एक समांतर संस्कृती उभी राहिली. ती प्रस्थापितांच्या कृपेवर उभी नव्हती.

परंतु त्या ढिगातील एखादी व्हीसीडी आज हातात घेऊन पाहा. वेष्टनावर गायकाचे नाव आणि छायाचित्र असते, कंपनीचे नाव असते. गीत कोणी लिहिले हे पुष्कळदा नसते. ढोलकी कोणी वाजविली, कोरसमध्ये कोण स्त्रिया होत्या, कार्यक्रम कोणत्या गावात आणि कोणत्या तारखेला झाला, हे बहुधा नसतेच. प्रत्यक्ष कार्यक्रमाऐवजी पुतळा, फुले, निळे झेंडे आणि नाचणाऱ्या मुली यांची चित्रे गाण्यावर चिकटविलेली असतात. गाणे राहते, प्रसंग जातो.

वामनदादा कर्डकांचे उदाहरण येथे फार बोलके आहे. वामनदादा (१९२२–२००४) सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. शाळेचे तोंड न पाहिलेला हा माणूस दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरे शिकला आणि हजारो गीते लिहून गेला. जुन्या संतकवींप्रमाणे ते पुष्कळ गीतांच्या शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत. ज्याच्याजवळ छापखाना नाही, वकील नाही, करारपत्र नाही, त्या कवीने आपल्या मालकीची खूण गाण्यातच पेरून ठेवली होती. आता फितीच्या मापात बसावे म्हणून गायक दोनच कडवी म्हणतो आणि शेवटचे कडवे सोडतो. कडव्याबरोबर कवीही जातो. पुढचा गायक ती फीत ऐकून गाणे उचलतो. त्याच्या लेखी ते गाणे निनावी असते. रॉबर्ट प्लांटला आपले गाणे आवृत्तीतून काढून घेण्याचा अधिकार होता. आपल्या कवीला आपले नाव आवृत्तीत ठेवण्याचाही अधिकार उरला नाही. कात्री दोन्हीकडे आहे. ती कोणाच्या हाती आहे यात फरक आहे.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे विषयांची छाटणी. स्तुतीची गाणी विकली जातात, प्रश्नांची गाणी मागे पडतात. जलशाने तलाठ्याला, सावकाराला आणि वेळप्रसंगी आपल्याच पुढाऱ्यालाही धारेवर धरले होते. फितीवर उरतो तो जयजयकार. जयजयकार वाईट नाही. शतकानुशतके ज्यांना मान खाली घालण्यास लावले त्यांनी आपल्या उद्धारकाचे नाव गर्जून घ्यावे यात गैर काय? परंतु ज्याने प्रश्न विचारण्यास शिकविले त्याच्या अभिवादनातून प्रश्नच वगळले गेले तर ते अभिवादन कोणाच्या सोयीचे ठरते, हे आपण तपासले पाहिजे. वेम्ब्लीच्या आवृत्त्यांत रोगाचा प्रश्न मागे पडून गाणी उरली. आपल्या आवृत्त्यांत जातीचा प्रश्न मागे पडून गाणी उरू लागली आहेत. दोन्ही ठिकाणी बाजाराला मेलेला माणूस हवा आहे. त्याचे भांडण नको आहे.

मग दुसरा मार्ग नाही काय? आहे, आणि तोही महाराष्ट्रातच आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट या मृत्यूपासून सुरू होतो. त्याच्या चित्रीकरणाला चौदा वर्षे लागली आणि तो तीन तासांहून मोठा आहे. तो २०११ मध्ये पूर्ण झाला आणि पुढे त्याची डीव्हीडीही निघाली. एका अर्थी हीसुद्धा मृत गायकाला वाहिलेली, घरी पाहण्याची गाणीबद्ध आदरांजलीच आहे. परंतु तीत गाण्याशेजारी गोळीबार आहे, कोर्ट आहे, मेलेल्यांच्या घरातील माणसे आहेत, निवडणुकीतील सौदे आहेत, आणि पुढच्या पिढीच्या कबीर कला मंचाची गाणीही आहेत. घोगरे यांचे स्वतःच्या संघटनेशी झालेले वितुष्टही तीत झाकलेले नाही. दिग्दर्शक आपल्यातला नाही, त्याची निवडही एक प्रकारची कात्रीच आहे, असा आक्षेप घेता येईल, तो घ्यावाही. तरी एवढे कबूल करावे लागेल की गाणे कशासाठी गायले गेले हे त्याने गाण्यापासून तोडले नाही. लांबी हा त्या चित्रपटाचा दोष नव्हे. गाण्याला त्याचा प्रसंग परत द्यायचा तर तेवढा वेळ लागतोच.

आता मोबाइलच्या काळात मापाची अडचण उरलेली नाही. सव्वा तासाची व्हीसीडी गेली. रात्रभराचा जलसा सलग चित्रित करून जपता येतो. तरीही आपण तीस सेकंदांचे तुकडे काढून एकमेकांना पाठवीत आहोत. कात्री आता कंपनीच्या हाती नाही, ती आपल्याच हाती आली आहे. म्हणून जबाबदारीही आपली आहे.

हे काम विद्यापीठे आपणहून करतील अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि शिक्षक यांनी, वस्तीतील मंडळांना बरोबर घेऊन, ते सुरू करावे. घरात पडलेल्या कॅसेट आणि व्हीसीडी फेकण्यापूर्वी त्यांची नक्कल काढावी. कॅसेटची फीत बुरशीने जाते, तिला फार वर्षे उरलेली नाहीत. प्रत्येक फितीबरोबर एक कागद ठेवावा: गीत कोणाचे, कडवी किती, गायक कोण, ढोलकी-तुणतुण्यावर कोण, कोरसमध्ये कोण, गाव कोणते, तारीख कोणती, कार्यक्रम कशानिमित्त झाला. म्हाताऱ्या शाहिरांना आणि त्यांच्या घरच्यांना विचारून, त्यांच्या संमतीने, सुटलेली कडवी लिहून घ्यावीत. नवा कार्यक्रम चित्रित करताना भाषण सुरू झाले की कॅमेरा बंद करण्याची सवय सोडावी. वेम्ब्लीत गर्दीने ‘पुरे’ म्हटल्यावरही एक बाई बोलत राहिली. आपल्याकडेही गाण्याच्या मध्ये उठून कोणी तरी गावातल्या विहिरीबद्दल, गायरानाबद्दल, वसतिगृहाच्या थकलेल्या शिष्यवृत्तीबद्दल बोलतो. गर्दीला ते नको असते. पुढच्या पिढीला मात्र आपले गाणे कशातून आले हे त्याच बोलण्यातून कळणार आहे. ते फितीत राहिले पाहिजे.